कात्रीवाल्या मावशी

डब्लिनला मी २०२०च्या सप्टेंबरात पोचले. पहिले चौदा दिवस खोलीबाहेर पडायचं नाही, असा तेव्हा नियम होता. घर जुनं, दुमजली, ग्रँड कॅनाल डॉकपासून चालत पंधरा मिनिटांवर. पुण्याच्या एका ताईने ते भाड्याने घेतलं होतं. ती डॉकजवळच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायची आणि वरच्या दोन खोल्या विद्यार्थिनींना द्यायची. एकीत मी, दुसरीत माझ्याच वर्गातली नाशिकची मुलगी. चौदा दिवस ताई दाराशी ताट ठेवायची, टकटक करायची आणि खाली निघून जायची. जिना उतरणारी तिची पावलं मला ओळखू यायला लागली. चेहरा मात्र पंधराव्या दिवशी दिसला.

त्यानंतरही फारसं काही बदललं नाही. वर्ग सगळे लॅपटॉपवर, बहुतेकांचे कॅमेरे बंद. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. ज्या कॉलेजसाठी मी विमानात बसले, ते मी वर्षभरात तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा कुंपणाबाहेरून. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी होती. आठवड्यातून काही दिवस मी जवळच्या सुपरमार्केटमध्ये भाज्या-फळं लावायचं काम करायचे, तेवढंच बाहेरचं जग. दुपारी चारला अंधार पडायचा. मग आम्ही तिघी स्वयंपाकघरात जमायचो, कारण हीटर तिथेच नीट चालायचा. ताई इतकी वर्षं तिथे राहून कपाटाला ‘प्रेस’ म्हणायला लागली होती. ‘प्रेसमधून जिरं दे गं,’ असं ती म्हणाली की आम्ही हसायचो. हसायला फार कारणं नव्हती.

खोलीबाहेर आल्यावर पहिल्याच आठवड्यात नाशिककर मला म्हणाली, ‘तासगावची ना तू? म्हणजे द्राक्षं. तुमची बाग असेलच.’

‘हो,’ मी म्हणाले.

‘किती?’

‘अडीच एकर.’

अडीच एकर बाग खरी होती, फक्त ती आमची नव्हती. माझी आई तिथे विरळणीला जायची. घडात मणी फार झाले की ते एकमेकांना दाबतात, म्हणून लहान असतानाच जास्तीचे मणी कात्रीने काढून टाकतात. मांडवाखाली उभं राहायचं, मान वर करायची आणि दिवसभर एकेक मणी कातरत राहायचं. बायकांची टोळी असते. आई त्या टोळीत माझ्या जन्माआधीपासून होती. वडील बेदाण्याच्या शेडवर. दिवाळीच्या सुट्टीत मीही आईबरोबर जायचे. मी इथे आले ती सरकारी शिष्यवृत्तीवर. तीसुद्धा मी त्या दोघींना ‘लोन’ म्हणून सांगितली होती.

मी खोटं का बोलले हे मला अजून नीट सांगता येत नाही. कुणी मला कमी लेखलं नव्हतं. नाशिककरच्या मामाची मोठी बाग होती. ती त्या बागेबद्दल बोलायची तेव्हा तिला वाटायचं की आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय. मला तिचा तो समज मोडायचा नव्हता. एवढंच असेल. तिने विचारलं, ‘तुझी आई जाते का गं बागेत?’ मी म्हणाले, ‘नाही, तिला बीपी आहे. घरीच असते.’

पण घरच्या आठवणी तर मला येतच होत्या, आणि त्या सगळ्या मांडवाखालच्या होत्या. त्या कुणाच्या नावावर सांगायच्या? एका संध्याकाळी मी म्हणाले, ‘आमच्याकडे विरळणीला एक मावशी येतात...’ आणि सुरुवात झाली.

मालकाचा मुलगा, माझ्या गोष्टीत तो माझा चुलतभाऊ झाला, शेतकी कॉलेजातून शिकून आला होता. एका घडात किती मणी ठेवायचे याचा छापील तक्ता घेऊन तो बायकांना शिकवायला लागला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘बाळा, तू कागदाला इचार. मी घडाला इचारते. सांच्याला बघू कुणाला काय कळलं.’ एकदा चहा यायला उशीर झाला. मावशींनी कात्री मांडवाच्या तारेला अडकवली आणि खाली बसल्या. मुकादम ओरडला, ‘काय झालं?’ ‘काय न्हाई. घड दमल्यात. त्यास्नी वाईच बसू द्या.’

मी आईचा आवाज अगदी हुबेहूब काढायचे. ताई हसून हसून ओट्याला धरायची. नाशिककर म्हणायची, ‘अजून एक सांग ना.’ थोड्याच दिवसांत त्या आमच्या घरातल्या झाल्या. कात्रीवाल्या मावशी. ताईचा मॅनेजर मीटिंगमध्ये फार बोलायला लागला की ती मायक्रोफोन बंद करून म्हणायची, ‘याला मावशींच्या ताब्यात द्या रे कुणीतरी.’ नाशिककर असाइनमेंट अर्धवट टाकून पलंगावर पडायची आणि वरून ओरडायची, ‘घड दमल्यात!’

मला त्यात आनंद व्हायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. त्या स्वयंपाकघरात आईचं येणं-जाणं सुरू झालं होतं. फक्त ती माझी आई नव्हती.

मी आवाज इतका हुबेहूब काढत असल्यामुळे एक अडचण झाली. मला आईचा खरा आवाज कुणाला ऐकू देता येईना. तिचा फोन आला की मी कोट चढवून कालव्याच्या काठी जायचे. पाऊस असला तरी. ती विचारायची, ‘एवढा वारा कसला गं? घरात न्हाईस?’ मी म्हणायचे, ‘फिरायला आलेय.’ ‘आन् तुझ्या मैत्रिणी?’ ‘त्या कामात आहेत.’ हंस डोकं पंखात घालून बसलेले असायचे. मी त्यांच्याकडे बघत आईला सांगायचे की सगळं छान आहे.

एप्रिलमध्ये आईला ताप आला. गावात घराघरात माणसं आजारी होती. तालुक्याला खाट मिळत नव्हती. वडील फोनवर नीट बोलत नव्हते. त्या संध्याकाळी ताईने सहज विचारलं, ‘काय म्हणतात तुमच्या मावशी?’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘त्यांना ताप आहे.’ आणि मी रडायला लागले. दोघी घाबरल्या. ताईने मला जवळ घेतलं. ‘किती जीव लावतेस गं कामाच्या बायकांना,’ ती म्हणाली. नाशिककरने मामाच्या ओळखीच्या डॉक्टरांचा नंबर काढून दिला. ताईने देवापुढे दिवा लावला, नऊ दिवस, मावशींसाठी. रोज सकाळी उठल्या उठल्या दोघी विचारायच्या, ‘आज ऑक्सिजन किती?’ मी खरा आकडा सांगायचे. दहाव्या दिवशी ताप उतरला तेव्हा नाशिककरने शिरा केला. तो खाताना सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण त्या दोघी इतक्या खूश होत्या, की मला वाटलं, आत्ता नको.

मग लसी आल्या, प्रबंध जमा झाला, बंधनं उठली. ताई म्हणाली, ‘मला ऊन पाहिजे. चर्च नको, म्युझियम नको. फक्त ऊन.’ तिनेच दक्षिण फ्रान्समधलं लांगदॉक शोधून काढलं. तिकडे समुद्र आहे, जुनी गावं आहेत आणि नजर जाईल तिथे द्राक्षं. आयर्लंडमध्ये राहायची परवानगी असली तरी फ्रान्सचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. त्यात जवळजवळ महिना गेला. सप्टेंबर २०२१मध्ये तोडणीच्या दिवसांत जायचं ठरलं. ‘मला समुद्र, तुला वाईन,’ ताई नाशिककरला म्हणाली, ‘आणि हिला बाग.’

आईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘दारूची द्राक्षं बघाय इमानानं निघालीस व्हय? हितं काय कमी हायत?’

विमानतळाबाहेर आलो आणि मी उभीच राहिले. वर्षभर अंगावर न पडलेलं ऊन पाठीवर पडलं होतं. कोरडं, धुळीचं, फेब्रुवारीत आमच्याकडे असतं तसं. रेल्वेने बेझिएच्या पुढे एका लहान गावी गेलो. चौकात प्लेन नावाची मोठी झाडं होती, त्यांच्या खोडाची साल गळत होती. दुपारी सगळ्या खिडक्यांची लाकडी दारं बंद, रस्त्यावर एक कुत्रं आणि आम्ही तिघी. सकाळी बाजार भरायचा. ऑलिव्ह, चीज, अंजीर आणि तिखट वासाचे सॉसेज. म्हातारे लोखंडी गोळे टाकत खेळत बसायचे. ताई फोटो काढत सुटली होती. नाशिककर टोपी घालून, गॉगल लावून दर दहा पावलांवर म्हणायची, ‘अगं, काय भारी आहे!’

मी मात्र रस्ता बघत होते. गावाबाहेरचा रस्ता, दोन्ही बाजूंना वेली, मध्येच पंपाचं छोटं घर, क्रेट लादलेला ट्रॅक्टर. मला कुणालातरी म्हणायचं होतं, ‘आमच्या शेडकडे जाणारा रस्ता असाच आहे.’ पण मग शेड कुणाची, तिथे मी काय करायचे, हे सगळं आलं असतं. एवढ्या उघड्या माळावर दोघींच्या मधून चालताना मी जितकी एकटी होते, तितकी डब्लिनच्या बंद खोलीतही नव्हते.

तिसऱ्या दिवशी ताईने एका बागेत नाव नोंदवलं होतं. तिथे पाहुण्यांना तासभर तोडणी करू देत आणि मग जेवण. मालकीणबाई साठीच्या, पायात गुडघ्यापर्यंत बूट, मोडकंतोडकं पण न घाबरता बोललेलं इंग्रजी. एप्रिलात गोठलेलं दंव पडून निम्मे कोंब जळाले, म्हणून यंदा माल कमी, असं त्या सांगत होत्या. वेली कमरेखालच होत्या. आमच्याकडे वेल मांडवावर, माणूस खाली. म्हणून मान जाते. इथे कंबर जात असेल, असं माझ्या मनात आलं. पलीकडच्या ओळींत कामाची माणसं होती. डोक्याला रुमाल बांधलेल्या तीन-चार बायका मोठमोठ्याने काहीतरी बोलत होत्या, आणि मधली एक काही म्हणाली की बाकीच्या हसायच्या.

आम्हाला एकेक बादली आणि कात्री मिळाली. एकेक ओळ दिली. मी वाकले आणि पहिला घड धरला.

पुढचं मला नीट आठवत नाही, कारण मी काहीच विचार करत नव्हते. घडाला हात लावायचा नाही, देठाला धरायचं. मण्यावर जी पांढरट झाक असते ती बोट लागलं की पुसते, आणि तसा घड व्यापारी बाजूला काढतो. हे मला चालता येण्याआधीपासून माहीत असावं. देठ धरून घड उजेडाकडे फिरवायचा. फुटलेला, सुकलेला, वाकडा मणी कात्रीच्या टोकाने काढायचा. मग बादलीत अलगद, देठ वर येईल असा ठेवायचा. एकावर एक नाही. शेजारी शेजारी. पाठीवर ऊन होतं. पलीकडे बायकांचं हसणं होतं. बऱ्याच महिन्यांनी माझ्या हातांना काय करायचं ते ठाऊक होतं.

‘झाली माझी दुसरी बादली!’ नाशिककर ओळीच्या टोकाहून ओरडली. ताईचीही भरत आली होती. माझ्या बादलीत अकरा घड होते.

मालकीणबाई आल्या. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडच्या बायकांना हाक मारली. त्या आल्या. सगळ्या हसायला लागल्या. वाईटपणाने नाही, मजेने. बाई म्हणाल्या, ‘पोरी, ही दाबायची आहेत. रस काढायचा आहे. लग्नाला नाही न्यायची!’ त्यांनी एका मुठीत धरून घड कसा कचकन तोडायचा आणि कसा फेकायचा ते दाखवलं. मणी फुटले, हातावर रस आला, त्यांनी तो पँटला पुसला. मग माझ्या बादलीतला एक घड त्यांनी देठाला धरून वर उचलला. उन्हात फिरवून बघितला. आता त्या हसत नव्हत्या.

‘हे तुला कुणी शिकवलं?’

मी काही बोलायच्या आत नाशिककरने इंग्रजीत सांगून टाकलं, ‘हिच्या घरची बाग आहे! अडीच एकर!’ आणि मग माझ्याकडे वळून मराठीत, ‘अगं, तू तर अगदी मावशींसारखी कातरत होतीस. मी बघत होते. आमच्या मामीला तर घड कसा धरतात तेही माहीत नाही. मालकाच्या घरात कोण शिकतं हे? मावशींनी शिकवलं ना?’

ताई हसत पुढे आली होती. बाई घड हातात धरून माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

‘आईने,’ मी म्हणाले.

‘आईने? पण तुझी आई तर बागेत जात नाही म्हणालीस. बीपी आहे ना?’

‘बीपी नाही तिला.’ माझा आवाज फार बारीक निघत होता. ‘आमची बाग नाही. ती विरळणीला जाते. त्याच... मावशी म्हणजे ती. माझी आई.’

बाईंना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं त्यांना कळलं असावं. त्यांनी घड परत बादलीत ठेवला, देठ वर करून. ताईने आधी माझ्याकडे, मग जमिनीकडे पाहिलं. ‘बरं,’ ती म्हणाली. ‘बरं. ऊन फार झालंय. सावलीत चला.’

जेवायला झाडाखाली लांब टेबल मांडलं होतं. पाव, टोमॅटो, भाजलेला मासा, थंड वाईन. बाईंनी माझे अकराही घड एका मोठ्या थाळीत टेबलाच्या मध्यभागी ठेवले होते. त्यांना ते सुंदर वाटले होते. ताईने एक मणी तोडून तोंडात टाकला आणि बी हातावर काढलं. बाकी कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे समुद्रावर गेलो, सेत नावाच्या बंदराच्या शहरी. शहराच्या एका बाजूला खारं सरोवर, त्यात कालवं, म्हणजे खायचे शिंपले, वाढवायला उभारलेल्या लाकडी चौकटी, लांबून बघितलं तर पाण्यात मांडव घातल्यासारख्या. दुसऱ्या बाजूला समुद्र. पाणी निळं आणि कोमट. ताई पोहायला गेली. नाशिककर वाळूत बसली होती. सकाळपासून ती माझ्याशी बोलली नव्हती. मी थोडं अंतर ठेवून बसले.

बऱ्याच वेळाने ती समुद्राकडे बघतच म्हणाली, ‘बाग नाही याचं मला काही नाही गं. खरंच काही नाही.’

‘हं.’

‘तू आम्हाला हसवलंस. वर्षभर. तुझ्या आईवर.’

‘तुम्ही तिला हसत नव्हतात. ती जे बोलायची त्याला—’

‘मी तिची नक्कल करायचे! पलंगावर पडून! तू तिथे बसून ऐकायचीस.’ तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचा तिला राग आला होता. ‘ताप आला तेव्हा तरी सांगायचंस. मी रोज विचारायचे, मावशी कशा आहेत, मावशी कशा आहेत. तुझी आई होती ती. आणि आम्ही तुला म्हणतोय, किती जीव लावतेस कामाच्या बायकांना.’

मला म्हणायचं होतं की तुम्ही हसायचात तेव्हाच ती त्या घरात असायची. की मी दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने तिला आत आणू शकले नाही. पण हे त्या वेळी वाक्यात बसेना, आणि बसलं असतं तरी ते सबबीसारखं वाटलं असतं. मी म्हणाले, ‘चुकलं माझं.’

‘मामाकडे पण टोळी येते,’ ती जरा वेळाने म्हणाली. ‘मला त्यातल्या एकीचंही नाव माहीत नाही. तू सांगायचीस तर मला वाटायचं, आमच्याकडे अशी एकही मजेदार बाई कशी नाही.’ एवढं बोलून ती उठली आणि पाण्याकडे गेली. तिथून तिने मला बोलावलं नाही. मी संध्याकाळपर्यंत तिघींच्या चपला राखत बसले.

डब्लिनला परत आल्यावर दोघी माझ्याशी फार चांगलं वागल्या. तेच कठीण होतं. ‘घड दमल्यात’ कुणी म्हणेना. एकदा ताई मॅनेजरबद्दल चिडून बोलत होती. ‘याला आता मावशींच्या—’ म्हणाली आणि थांबली. फ्रीज उघडून उगाच आत बघत उभी राहिली. कात्रीवाली मावशी आता कुणाची तरी आई होती. तिच्यावर विनोद करायचा नाही, हे त्या दोघींना कळत होतं. पण विनोदाशिवाय तिच्याबद्दल काय बोलायचं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मलाही नाही. ‘आई कशी आहे?’ त्या विचारायच्या. ‘बरी आहे,’ मी सांगायचे. तेवढ्यात संपायचं. कालव्याच्या काठी जायचं कारण उरलं नव्हतं, तरी मी फोन घेऊन तिकडेच जात राहिले.

ऑक्टोबरअखेर नाशिककरला पश्चिमेकडच्या मेयो परगण्यात, कासलबार गावाजवळच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी लागली. निघताना तिने मला मिठी मारली. ‘तुझ्या नोकरीचं काय होतं ते कळव,’ म्हणाली. मी कळवेन म्हणाले. तिची खोली महिनाभर रिकामी राहिली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मी ठरवून फोन स्वयंपाकघरात घेतला. किटलीला टेकवून व्हिडिओ लावला. सकाळचे साडेआठ वाजले होते. तिकडे दुपार, जेवणाची सुट्टी. आई मांडवाखाली पोत्यावर बसली होती. आजवर ती बागेत असली की मी फोन घ्यायचेच नाही, नंतर कर म्हणायचे. तिच्या मागे हिरवा उजेड होता, कडेला कुणाचे तरी पाय दिसत होते. ‘काय गं, आज घरात?’ ती म्हणाली.

तेवढ्यात ताई चहा घ्यायला खाली आली. आवाज ऐकून ती दारातच थबकली. तिने तो ओळखला, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. वर्षभर ऐकलेला आवाज. मग ती पुढे येऊन माझ्या खांद्यावरून वाकली आणि तिने हात जोडले.

‘नमस्कार काकू.’

आईने पटकन पदर डोक्यावर घेतला. ताठ बसली. ‘नमस्कार.’

‘बऱ्या आहात ना?’

‘हां. बरं हाय.’

‘विरळणी सुरू झाली का?’ ताईने विचारलं. तो शब्द ती माझ्याकडूनच शिकली होती. ती थोडी हसत होती, वाट बघत होती. मीही बघत होते. मला वाटलं, आता आई काहीतरी बोलेल.

‘व्हय. झाली की,’ आई म्हणाली, अगदी शाळेतल्या बाईंना सांगावं तशी.

‘छान, छान. काळजी घ्या, काकू.’ ताईने कप भरला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि वर गेली.

आईने पदर मागे घेतला. ‘कोण गं ती? लई मानानं बोलली. काय बोलायचं कळंना मला.’

‘ताई. तिच्याच घरात राहतेय मी.’

‘आल्यापास्नं?’

‘हो.’

‘मग आजवर कदी दिसली न्हाई ती.’

वारा होता, पाऊस होता, ती कामात होती, असं काहीही सांगता आलं असतं. ‘मीच दाखवलं नाही, आई,’ मी म्हणाले. ‘तुला.’

ती स्क्रीनकडे बघत राहिली. रागावली असं वाटलं नाही. नजर जरा वेळ माझ्यावरून हलली नाही, मग बाजूला गेली. तिकडे कुणीतरी हाक मारली. ‘बरं,’ ती म्हणाली. ‘ठेव आता. सुट्टी सरली.’

तिने फोन कमरेला खोचला, पण बंद केला नाही. स्क्रीन काळी झाली, आवाज मात्र येत राहिला. चालण्याचा, पालापाचोळ्याचा, बायकांचा. मी किटलीसमोर तशीच बसून राहिले.

‘कोण गं? लेक व्हय?’ एका बाईने विचारलं.

‘व्हय.’

‘काय म्हणती?’

कात्र्या चालू लागल्या होत्या.

‘काय न्हाई,’ आई म्हणाली. ‘थंडी लई हाय म्हणती तिकडं.’